आजोबांच्या पावलाच्या मापाने

तुम्ही दोघं मोजे घालून ज्या जमिनीवर घसरता, ती लाकडाची नसून विनाइलची आहे, हे मला अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुमच्याकडे लाकूड फार स्वस्त असावं. आता मात्र विनाइल आणि टाइल या विषयावर कोणी मला बोलायला उभं केलं, तर मी एक तास सहज घेईन. शाळेत इंग्रजी शिकवताना लागलेली सवयच ती.

परवा व्हिडिओवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुमची ती थंडगार फरशी कुठे गेली? मी तिच्यावर पोटावर झोपायचो." मी सांगायला लागले आणि नेटवर्क गेलं. म्हणून लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही आणि माझंही काही राहून जाणार नाही.

आखाडा बाळापूरचं हे घर आजोबांनी कोर्टात कारकून असताना बांधलं. तेव्हा सगळे शहाबादी फरशी घालत, आपणही घातली. करड्या दगडाचे मोठे चौकोन, मधले सांधे सिमेंटने भरलेले. वर्षानुवर्षं पुसून दगड उजळ होत गेला आणि सांधे काळे पडत गेले. मला ते काळे सांधे कधीच आवडले नाहीत. कितीही घासा, फरशी धुतल्यासारखी वाटायची नाही.

पण फरशी बदलण्याचं कारण ते नव्हतं. आपल्याकडची जमीन काळी. हळदीला, कापसाला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वर बांधलेलं सगळं हळूहळू हलवते. मधल्या खोलीतले चौकोन असेच खालीवर झाले. एकाचा कोपरा बोटभर वर आला. आजोबांना त्याच कोपऱ्याची ठेच लागली आणि ते हातावर पडले. हाड मोडलं नाही, ही देवाची कृपा. मनगट सुजलं. मी हळदीचा लेप लावत होते तेव्हा ते म्हणाले, "जन्मभर लोकांच्या फिर्यादी लिहून घेतल्या. आता घर आपलं, फरशी आपली, पायबी आपलाच. फिर्याद कोणावर लिहू?"

त्यांना कंपवात आहे, हे तुम्हाला माहीत आहे. हात थरथरतो, चेहरा पूर्वीसारखा हसत नाही, पावलं लहान पडतात. पण तेव्हा ते घरभर फिरत होते. मागच्या खोलीतून उठायचं, मधल्या खोलीतून बैठकीत यायचं आणि पुढे ओसरीवर खुर्चीत बसायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. ओसरीवर बसले की नांदेडकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, बाजाराची माणसं दिसतात, आणि जुन्या ओळखीचं कोणी ना कोणी पायरीवर टेकतं. कोणाला सातबाऱ्याचं विचारायचं असतं, कोणाला नुसतं बसायचं असतं. ती खुर्ची म्हणजे त्यांचं दुसरं ऑफिस.

डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली होती. यांना पडू देऊ नका.

म्हणून फरशी बदलायची ठरली, आणि ठरताक्षणी घरात दोन पक्ष झाले.

विनाइलच्या पक्षाचा पुढारी तुमचा बाबा. रोज फोन. "आई, टाइल म्हणजे दगडच. बाबा पडले तर खुबा जाईल. विनाइल मऊ असतं, थंडीत गार लागत नाही, ओलं झालं तरी पाय सरकत नाही. इथे म्हाताऱ्या माणसांच्या घरात सगळीकडे तेच घालतात."

"इथे म्हातारी माणसं चपला घालून घरात फिरत नाहीत रे," मी म्हटलं.

"म्हणून तर म्हणतोय. अनवाणी पायाला तेच चांगलं."

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. तो इतक्या लांब बसून बापाच्या खुब्याची काळजी करतो आहे, हे ऐकूनच मी निम्मी त्याच्या बाजूची झाले होते. उरलेली निम्मी झाले ती हिंगोलीच्या दुकानात.

दुकानदाराने आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या आणि एक मोठी चकचकीत टाइल भिंतीला टेकवून उभी केली. वर पाणी शिंपडलं, फडक्याने पुसलं. "बघा साहेब, आरसा आहे आरसा. मोठा साइज, जॉइंट दिसतच नाही."

आजोबा म्हणाले, "घरात एक आरसा आहे तेवढा पुरे. हल्ली त्याच्यातबी पाहवत न्हाई."

मग त्याने विनाइलची गुंडाळी उलगडली. फिक्या लाकडाचा रंग, त्यावर लांबच लांब बारीक रेषा. मी चप्पल काढून उभी राहिले. खरंच सांगते, पायाला इतकं बरं वाटलं! गार नाही, कडक नाही. आवाज नाही. आणि मुख्य म्हणजे एक सांधा नाही, की मळ बसायला जागा नाही. माझ्यासारख्या बाईला आणखी काय पाहिजे?

आजोबांनी काठीच्या टोकाने ते दाबून पाहिलं. "प्लास्टिक आहे."

"विनाइल आहे, साहेब."

"तेच ते. महालक्ष्म्यांना काय प्लास्टिकवर बसवायचं?"

दुकानदार हुशार. गुंडाळीचा उरलेला एक मोठा तुकडा त्याने बांधून दिला. म्हणाला, थोडे दिवस घरात टाकून चालून बघा, पसंत पडलं तर पुढचं बोलू. त्याचे मी आजही आभार मानते. तो तुकडा दिला नसता तर आम्ही घरभर तेच घालून बसलो असतो.

मधली खोली लहान आहे. गवंडी बोलावून मी वर आलेला कोपरा ठोकून खाली बसवून घेतला, वर जाड पुठ्ठा पसरला आणि त्यावर तो तुकडा भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरला. खोली एकदम मोठी आणि स्वच्छ दिसायला लागली. मी फोटो काढून तुमच्या बाबाला पाठवला. त्याने टाळ्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा मागच्या खोलीतून निघाले, मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून पाहिलं, तर ते तसेच उभे. अंग थोडं पुढे झुकलेलं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे.

"अहो, या ना."

"येतो."

पण आले नाहीत. मी हात धरला, थोडं ओढलं, तेव्हा भराभर दोन-चार बारीक पावलं पडली आणि खोलीच्या मध्यावर पुन्हा थांबली. दुपारी तसंच. दुसऱ्या दिवशीही तसंच.

त्याच आठवड्यात आत्याआजी डोंगरकड्याहून आली. आजोबांची धाकटी बहीण. तिच्या सासरी महालक्ष्म्या नाहीत, म्हणून दर वर्षी ती आधीपासून आपल्याकडे येते आणि घर डोक्यावर घेते. तिने आल्या आल्या भावाला उंबऱ्यात अडकलेलं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काहून रे दादा, सत्याग्रह करून राहिला का?"

"न्हाई गं."

"व्हय म्हण. प्लास्टिक नको म्हणला, वैनीनं ऐकलं न्हाई, म्हणून आता पाय रोवून उभा! लहानपणी याला तांबडा सदरा पाहिजे होता, बापानं निळा आणला, तर दिवसभर उघडा बसला होता, वैनी. तोच हा!"

मलाही तसंच वाटत होतं. तुमचे आजोबा हट्टी आहेत, हे काही गुपित नाही. पण मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता. हट्ट करणाऱ्या माणसाला घाम येत नाही.

"पाय उचलंना," ते हळूच म्हणाले. "मी सांगून राहिलो त्याला, तो ऐकंना."

आत्याआजीने कमरेवरचे हात काढले. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि मग आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना मागे नेलं.

आम्हाला वाटलं, आजार वाढला. दुसरं काय वाटणार? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, या आजारात पाय असे अडकतात कधीकधी, गोळीची वेळ थोडी बदलू, आणि अगदीच नाही जमलं तर पुढेमागे चाकाच्या खुर्चीची तयारी ठेवा. त्यांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्यावरच्या भांड्यांकडे नुसती बघत राहिले.

आजोबा मागच्या खोलीतच राहू लागले. तिथे खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते, दुसरं काही नाही. ओसरीवर माणसं यायची आणि रिकामी खुर्ची बघून विचारायची, "साहेब कुठं?" मी म्हणायची, "आराम करतायत." एकदोघं आत येऊन भेटून गेले. पण आजारी माणसाला भेटायला आत येणं आणि ओसरीवर टेकणं यात फरक असतो. आत येणारा माणूस आवाज खाली करून बोलतो. आजोबांना ते सहन होत नसे. एकाला ते म्हणाले, "अरे, मोठ्यानं बोल. मी मेलो न्हाई अजून."

मला चाकाची खुर्ची नको होती. त्यांनाही नको होती. दोघंही ते बोलत नव्हतो.

तशातच महालक्ष्म्या आल्या. सण कोणासाठी थांबत नाही, आणि ते बरंच असतं. घरात धुणं, पुसणं, फराळाचं, साड्या काढणं, मुखवटे चिंचेने घासणं. आत्याआजी पुढच्या दारापासून पावलं काढत आत आली. तुम्ही लहान असताना पाहिलं आहे, आठवत असेल तर. महालक्ष्म्या दारातून जिथे बसवायच्या तिथपर्यंत चालत येतात, म्हणून त्यांची पावलं काढायची. मागच्या खोलीला लागून जी मोठी जागा आहे, तिथे आपण त्यांना बसवतो. म्हणजे पावलं ओसरी, बैठक आणि मधली खोली ओलांडून आत.

मधल्या खोलीत आली आणि आत्याआजी करवादली. "वैनी, ह्या तुमच्या विनाइलवर रांगोळी बसंना! फुंकर मारली की चालली महालक्ष्मी शेजारच्याकडं!"

मग तिने तांदळाचं पीठ पाण्यात घट्ट कालवलं, मुठीने ठसे उमटवले, वर बोटं काढली आणि मधोमध कुंकू भरलं. पावलं चांगली ठसठशीत उठली. पायाखाली येऊ नयेत म्हणून आम्ही सगळ्या कडेकडेने चालत होतो.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मुखवटे ताम्हनात घेतले, शेजारणीने ताट वाजवलं, नेहमीप्रमाणे दारात विचारलं, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं, आणि महालक्ष्म्या आत येऊन बसल्या. आजोबा मागच्या खोलीत खुर्चीवर होते. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. मग आम्ही बायका साड्यांच्या निऱ्या, हार आणि समया यांत गुंतलो. आरतीची वेळ झाली तेव्हा मी त्यांना हाक मारायला वळले, तर खुर्ची रिकामी.

न्हाणीघरात नाहीत. पलंगामागे नाहीत. आत्याआजी "दादा! दादा!" करत बाहेर धावली आणि तिचा आवाज ओसरीवरून आला.

"अरे बापा! इथं बसून राहिला?"

ते ओसरीवर त्यांच्या खुर्चीत बसले होते. एकटे. रस्त्याकडे बघत.

"कोणी आणलं तुला?"

"कोणी न्हाई. मीच आलो."

"पावलांवर पाय देत आला का रं? महालक्ष्मीच्या पावलांवर?"

"न्हाई गं बाई. चुकवत चुकवत आलो."

आत्याआजीचा विश्वास बसला नाही. ती तशीच आत गेली आणि मधल्या खोलीत वाकून एकेक पाऊल तपासायला लागली. मीही तिच्यामागे गेले. एकही पाऊल पुसलं नव्हतं, एकही बोट फिसकटलं नव्हतं. ज्या माणसाला त्या खोलीत एक पाऊल टाकता येत नव्हतं, तो माणूस भरल्या पावलांच्या ओळीवरून, एकेक ओलांडत, धक्का न लावता पलीकडे गेला होता.

"आईची कृपा," आत्याआजी म्हणाली आणि तिथेच जमिनीला डोकं टेकलं.

मीही टेकलं. तुम्ही म्हणाल, आजी इंग्रजी शिकलेली, ती असं कसं मानते. मी मानते. पण कृपा झाली तर ती कशी झाली, हे बघायलाही मला आवडतं. दोन्हींत मला भांडण दिसत नाही.

महालक्ष्म्या उठल्या, पावलं पुसली गेली, आणि दुसऱ्या सकाळी आजोबा पुन्हा उंबऱ्यात अडकले. आत्याआजीचे डोळे भरून आले. मी मात्र कपाटातून खडूची पेटी काढली. निवृत्त झाल्यावर शाळेतून एवढीच वस्तू मी आणली होती. विनाइलवर पट्टीने आडव्या रेघा मारल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, या भिंतीकडून त्या भिंतीकडे.

"आता या," मी म्हटलं. "रेघेवर पाय द्यायचा नाही. ओलांडायची."

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय उचलला, पहिली रेघ ओलांडली. मग दुसरी. मग थांबले नाहीतच.

मी ओल्या फडक्याने मधल्या चार-पाच रेघा पुसल्या आणि त्यांना परत यायला सांगितलं. पुसलेल्या जागी येताच पाय थांबले. पुन्हा रेघा मारल्या, पाय निघाले. आत्याआजी म्हणाली, "वैनी, याची परीक्षा घेऊन राहिल्या का तुमी?" मी म्हटलं, "वन्सं, त्यांची नाही, फरशीची."

मग मी बैठकीतल्या जुन्या शहाबादीकडे पाहिलं, आणि ते काळे सांधे मला जणू आयुष्यात पहिल्यांदा दिसले. इतके दिवस ते सांधे ओलांडत आजोबा चालत होते. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मी आजार वाढला म्हणून रडत होते. आजार होता तेवढाच होता. आम्ही त्यांच्या पायाखालच्या रेघा झाकून टाकल्या होत्या.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. या आजारात आतून हुकूम सुटत नाही, पण डोळ्यांना काही ओलांडायला दिसलं की पाय निघतो. तुम्ही फरशी बदलताय हे मला आधी सांगायला हवं होतं." आता डॉक्टरांना फरशीचं कोण सांगतं?

त्या रात्री, म्हणजे तुमच्याकडे सकाळी, मी तुमच्या बाबाला खडूच्या रेघांवरून चालणाऱ्या आजोबांचा व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन आला. आधी त्याने रेघांमधलं अंतर विचारलं. मग म्हणाला, "आई, विनाइलवर काळी पट्टी चिकटवली तर?"

ते आम्ही आठवडाभर करून पाहिलं. ओल्या फडक्याने पुसलं की पट्टीची कड सुटते, आणि सुटलेल्या कडेत पाय अडकतो. शिवाय खालून ओल येते ती वेगळीच. तुकड्याचा एक कोपरा उचलून पाहिला तर पुठ्ठा भिजलेला आणि कुबट वास. काळ्या मातीवरच्या घरात असं अंथरूण कायमचं घालता येत नाही.

"पण पडले तर?" पुढच्या फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला.

"चालले तर कमी पडतील," मी म्हटलं. "आणि खोलीतच बसले तर पाय कायमचे जातील. मला दोन्ही भीती आहेत रे. त्यातली एक निवडायची आहे."

"मग टाइल," तो म्हणाला. "पण चकचकीत नाही हं. मॅट. खरखरीत."

त्याचं हे म्हणणं लाखमोलाचं होतं, कारण चकचकीत टाइलवर उजेड पडला की पाणी सांडल्यासारखं दिसतं, आणि आजोबा पाण्यात पाय घालणार नाहीत. विनाइलचा तुकडाही मी टाकला नाही. तो त्यांच्या पलंगाशी अंथरला आहे. तिथे चालायचं नसतं, फक्त उठायचं असतं, आणि उठताना तोल गेला तर मऊ हवं. पुठ्ठा मात्र काढला आणि तुकडा दर आठवड्याला उन्हात टाकते.

फरशी बसवायला जो मिस्त्री आला तो जवळच्या तांड्यावरचा. कामात चोख आणि स्वतःच्या हातावर फार खूश. मी त्याला सांगितलं की खालची माती उकरून मुरूम भरायचा, फिकी टाइल घालायची, आणि प्रत्येक पावलाच्या अंतरावर काळ्या टाइलचा एक अरुंद पट्टा आडवा घालायचा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाई, लोक म्हणतेत जोड दिसू देऊ नको. तुमी म्हणता रेघा दिसू दे."

"ठळक दिसू दे."

"देवळाच्या पायऱ्यावानी दिसंल."

"दिसू दे."

"माझं नाव खराब होईल बाई. लोक म्हणतील, याला जोड जमत न्हाई म्हणून पट्टे मारले."

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "त्यांना सांग, घरमालक खुळा आहे. मी सही करून देतो."

मिस्त्री हसला. मग पट्टे किती अंतरावर घालायचे हा प्रश्न आला. अंतर जास्त झालं तर पाय पोचणार नाही, कमी झालं तर पावलं आणखी आखडतील. शेवटी मी खडूने रेघा मारत गेले, आजोबा चालत गेले आणि मिस्त्री गुडघ्यावर बसून दोरी धरत गेला. रेघ पुढे सरकव, मागे सरकव. एका अंतरावर त्यांचं पाऊल मोकळं पडलं. तेच धरलं.

"शर्टाचं माप घेतेत, चपलेचं घेतेत," मिस्त्री म्हणाला, "पण साहेब, मापाची फरशी पहिल्यांदाच शिवून राहिलो."

काम चालू असताना आजोबांना आत्याआजीने डोंगरकड्याला नेलं. तिच्या दोन्ही सुनांनी त्यांना हातावर झेललं, त्यांचं ऋण माझ्यावर आहे. तिथे अंगण शेणाने सारवलेलं. आत्याआजीने रोज सकाळी चुन्याच्या रेघा मारल्या. तरी फोनवर तिचा आवाज मला पूर्वीसारखा वाटत नव्हता. एकदा म्हणाली, "वैनी, कधी चालतो, कधी रेघ असून थांबतो." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आजार आपल्या वाटेने चालला होता. फरशी पूर्ण व्हायच्या आत तो पुढे निघून गेला तर? काळे पट्टे पडत होते, सुंदर सरळ पडत होते, आणि मी दारात उभी राहून विचार करत होते की हे कोणासाठी होईल.

फरशी वाळली, धुतली, आणि जीपने आजोबा परत आले. आत्याआजी सोबत होती. मिस्त्रीही मुद्दाम थांबला होता. म्हणाला, बघून जातो.

ओसरीपर्यंत आम्ही धरून आणलं. बैठकीच्या दारात ते थांबले. नवी फरशी पसरली होती, फिकी, आणि तिच्यावर एकामागे एक काळे पट्टे, बैठकीतून मधल्या खोलीत, तिथून मागे. आत्याआजीने माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली.

ते थांबूनच होते. मिस्त्रीने नजर खाली घातली.

"सोडा," आजोबा म्हणाले. आम्हाला कळलं नाही. "हात सोडा माझा."

आम्ही सोडला. उजवा पाय उचलला गेला, पहिल्या पट्ट्याच्या पलीकडे पडला. मग डावा. हळू, पण मोकळा. बैठक झाली, मधली खोली झाली. मागच्या खोलीच्या दारात वळताना ते जरा अडखळले, भिंतीला हात लावला, आणि पुन्हा पट्टा शोधून निघाले. आत्याआजी रडत रडत मिस्त्रीला म्हणाली, "बघ रे, शोभतंय का न्हाई? चांगलं शोभून राहिलंय!" मिस्त्री म्हणाला, "शोभतंय आत्या. पण कोणाला सांगू नका मी केलंय."

डॉक्टर मला खोटं सांगत नाहीत. पट्टे नेहमीच पुरतील असं नाही, असं त्यांनी सांगितलं आहे. काही सकाळी आजही ते उंबऱ्यात थांबतात, गोळी लागू पडेपर्यंत मी तिथे शेजारी उभी राहते. पण चाकाची खुर्ची अजून घरात आलेली नाही. ओसरीवर माणसं टेकतात आणि मोठ्याने बोलतात.

काल दुपारी मी पोळ्या लाटत होते. मागून पावलांचा आवाज आला, एकेक, सावकाश. आजोबा स्वयंपाकघराच्या दारातून दिसले, पुढे बैठकीकडे गेले, आणि थोड्या वेळाने परत मागे आले. जेवणाची वेळ नव्हती, कोणी बोलावलं नव्हतं, ओसरीवर ऊन होतं.

"काय हवंय?" मी विचारलं. "कुठे निघालात?"

"कुठं न्हाई," ते म्हणाले. "असंच."

आणि पुन्हा बैठकीकडे गेले. मी पोळी तव्यावर टाकली आणि ऐकत राहिले.